सटवाजी मल्ल पडले त्याची हकिकत

श्रीबजरंगबली साह्य. जिने पाडिले आणि जिने पुन्हा उभे केले त्या तांबड्या मातीस आदौ नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ वद्य तृतीया, मंदवासर, ते दिवशी तिसरे प्रहरी मल्लांच्या जुन्या राज्याचा मेळा भरला आणि सटवाजी मल्ल चौथऱ्यावर पडले, त्याची हकिकत येणेप्रमाणे.

हे राज्य कोणत्याही नकाशात नव्हते. कैलासवासी भाऊसाहेब यांनी वीस मल्ल, दोन तंबू आणि एक मालमोटार एवढ्या दौलतीवर ते स्थापिले, आणि जेथे जत्रा तेथे राजधानी, जेथे तंबूची मेख तेथे सरहद्द, ऐसा कारभार चालिला. तंबूचे मध्यभागी फळ्यांचा चौथरा, वर काथ्याची गादी, चहूकडे दोर, आणि त्यावर मल्ल रंगीत झगे लेवून झुंजत. कुस्ती नुरा असे, म्हणजे कोणी जिंकावे हे सकाळीच ठरे. हे मल्लांस ठाऊक, तिकीटवाल्यास ठाऊक, आणि बहुधा लोकांसही ठाऊक, परंतु कोणी बोलत नसे आणि पाहण्यास गर्दी मात्र लोटत असे. त्या राज्यात मल्हारराव मल्ल हे सोनेरी झग्याचे धनी, जिंकणारे, पोरीबाळींनी ज्यांस ओवाळावे ऐसे. आणि सटवाजी हे काळ्या झग्याचे, दुष्टपणा करणारे आणि शेवटी पडणारे. मल्हाररावांचा पेच गगनभेट म्हणून चौमुलखी गाजला होता. ते सटवाजींस दोहों हातांनी डोक्यावर उचलीत, तीन फेरे घेत, लोक फेरे मोजीत, आणि मग गादीवर ऐसे आपटीत की मागल्या बाकावरच्यानेही दात आवळावे. सव्वीस वर्षे ऐसे चालिले. सव्वीस वर्षांत सटवाजींचे एक हाड मोडिले नाही, कारण पडावे कैसे ते त्यांस ठाऊक होते. हनुवटी छातीस, पाठ गोल, श्वास बाहेर, आणि अंगाआधी तळहात गादीस. ही विद्या त्यांस कोणी शिकविली नव्हती आणि तिचे कौतुकही कोणी केले नव्हते.

सटवाजींचे कुटुंब भागूबाई. लग्नाचे पहिले वर्षी त्या हौसेने तंबूत गेल्या आणि नवरा वर गेला आणि खाली आला आणि लोकांनी शिट्ट्या घातल्या, शेंगांची टरफले फेकिली, ते पाहून तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि बोलिल्या, "मला नाही बघवत. इथून पुढं मी यायची नाही." त्या गेल्या नाहीत. घरी पाठीस तेल चोळीत, शेक देत, परंतु कोण जिंकले ऐसे एकदाही विचारिले नाही, आणि न विचारण्यातच सटवाजींस सर्व ऐकू येई. पुढे काळ फिरला, घरोघर दूरदर्शनचे पडदे आले, तंबू उठला, मल्ल चहूदिशांस पांगले. सटवाजींनी सूतगिरणीच्या दारावर पहारा केला आणि म्हातारे जाहले.

ऐसे असता भाऊसाहेबांची कन्या ताईसाहेब यांचे मनात आले की वडिलांस जन्मून शंभर वर्षे होतात, तरी जुने मल्ल हयात आहेत तोवर एकदा चौथरा मांडावा. मग पत्रे धाडिली, फलक लाविले, आणि फलकावर ठळक अक्षरी लिहविले की अखेरची कुस्ती मल्हारराव आणि सटवाजी यांची, आणि त्यात गगनभेट. पत्र आले ते भागूबाईंनी ओट्यावर बसून दोन वेळा वाचिले आणि म्हणाल्या, "मी पण येते."

सटवाजी चकित होऊन बोलिले, "तू?"

"व्हय. मी सत्तरीला टेकले, तुम्ही सत्तरीला टेकलात. परत कोण चौथरा मांडतंय?"

ते ऐकून सटवाजींस आनंद जाहला आणि त्या आनंदाचे पोटी मोठा घोर लागला, की चाळीस वर्षांनी ही येणार आणि आपण पुन्हा पडताना पाहणार.

मेळ्याचे दिवशी सकाळी मल्ल जमले. कोणास काठी, कोणास कवळी, कोणाचे कान यंत्रावाचून चालत ना. परंतु एकमेकांस पाहताच पाठीवर थापा मारू लागले आणि चहाच्या किटल्या रित्या होऊ लागल्या. तेव्हा मल्हाररावांनी सटवाजींस कनातीआड नेले. मल्हारराव बाहात्तर वर्षांचे. सदऱ्याची गुंडी सोडून त्यांनी उजव्या खांद्यावरची शस्त्रक्रियेची शिवण दाखविली आणि बोलिले, "सटव्या, हा हात कानाच्या वर जात नाही. डागदरनं पाण्याची घागर उचलू नको म्हणून सांगितलंय. फलक वाचला आणि दोन दिवस झोप नाही मला."

"मग कळवायचं की, दादा."

"कळवलं असतं तर बोलावलं असतं का?"

मग दोघे ताईसाहेबांकडे गेले. ताईसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि मसलत सांगितली की, "गगनभेट राहू द्या. मल्हारदादांनी उचलण्याचा आव आणावा, सटवाजीरावांनी निसटावे, टांग मारावी आणि या वेळी सटवाजीरावांनी जिंकावे. लोकांना नवल वाटेल. आणि सटवाजीराव, एवढ्या वर्षांत एकदा तुमचा हात वर झालेला आम्हालाही बघायचा आहे." मल्हारराव म्हणाले, "माझी ना नाही. त्याचं देणंच आहे हे." सटवाजी मान खाली घालून उभे राहिले. मग काळा झगा लेवू लागले आणि मनात एकच, की भागू बघेल.

तिसरे प्रहरी मांडव भरला. मग एका मल्लाने प्रतिपक्ष्याची मान धरिली आणि दोघांसही दम लागून ते मिठीतच विसावा घेऊ लागले, लोकांनी त्यासही टाळ्या दिल्या. मग मुखवटेवाल्या दोघा भावांची जोडी आली, त्यांपैकी धाकट्यास दोर ओलांडिता येईना तर थोरल्याने पाय धरून आत घेतिला. कोणी हसले, परंतु वाईट हसले नाही. आणि मग ध्वनिक्षेपकावर नाव पुकारिले, सोनेरी झगा आला आणि माणसे बाकांवर उभी राहिली. मागून सटवाजी आले, तो हुर्यो उठली, आणि ती ऐकून त्यांस घरी आल्यासारखे वाटिले. तिसऱ्या रांगेत भागूबाई होत्या. दोन्ही हातांनी पुढील खुर्चीची पाठ धरून बसल्या होत्या.

कुस्ती लागली. सटवाजींनी पंचांची नजर चुकवून डोळ्यांत बोट घातल्याचे सोंग केले, लोक ओरडले. मल्हाररावांनी छातीवर थाप मारिली, लोक नाचले. ऐसा अर्धी घटका खेळ होऊन ठरल्याप्रमाणे मल्हाररावांनी कमरेस हात घातिला. आणि मांडवातून एकच नाद उठिला, "गगनभेट! गगनभेट!" पांढऱ्या केसांची माणसे नातवंडांस खांद्यावर घेऊन ओरडत होती. मल्हाररावांनी जोर केल्याचा आव आणिला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तेथेच राहिला. पुन्हा आव आणिला. नाद विरळ जाहला. मग मागून कोणी बोलिले, "म्हातारा झाला रे," वाईट बुद्धीने नव्हे, कीव येऊन. आणि ते मल्हाररावांनी ऐकिले. त्यांचे मुख सटवाजींचे मुखापासून वीतभर अंतरावर होते. सव्वीस वर्षे सटवाजींनी ते मुख जवळून पाहिले होते, परंतु ऐसे कधी पाहिले नव्हते.

मल्हारराव हळूच म्हणाले, "मार टांग, सटव्या. आटप."

टांग मारणे काही अवघड नव्हते. पाय जागेवर होता. सटवाजींनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. भागूबाईंचे डोळे त्यांजवर होते. एक श्वास जाईल इतका वेळ ते उभे राहिले, आणि मग मल्हाररावांचे कानाशी लागून बोलिले, "दादा, डावा गुडघा वाकवा."

"काय करतोस?"

"वाकवा म्हणतो ना. डावा खांदा ताठ ठेवा. बाकी माझं."

मल्हाररावांनी गुडघा वाकविला. सटवाजींनी त्या मांडीवर पाऊल रोविले आणि एकोणसत्तरावे वर्षी, जी उडी तरुणपणीही घेतली नव्हती, ती घेतली, आणि सारे अंग त्या एका डाव्या खांद्यावर आडवे टाकिले, ऐशा खुबीने की भार मानेवर न जाता पाठीवर जावा. लोकांस दिसले की मल्हाररावांनी उचलिले. मांडव हादरला. मल्हाररावांनी फेरा घेतिला, लोक ओरडले, "एक!" पाय लटपटत होते, दुसरा फेरा घेतिला, "दोन!" सटवाजींनी वरून हळूच सांगितले, "पुरे, दादा. सोडा." मल्हाररावांनी सोडिले, आणि सटवाजींनी हवेतच कूस बदलिली की ओढ मल्हाररावांस लागू नये, हनुवटी छातीस घेतिली, श्वास बाहेर टाकिला आणि तळहात गादीवर मारिला. आवाज पूर्वीसारखाच जाहला.

पंचांनी तीन मोजिले. सटवाजी उठले नाहीत. रिवाजाहून अधिक वेळ पडून राहिले, तेव्हा टाळ्या थांबल्या आणि भागूबाई उभ्या राहिल्या. मल्हारराव दोहों गुडघ्यांवर बसून वाकिले. "लागलं का रे?"

"कंबर धरलीय. तुम्ही हात वर करा, लोक थांबलेत."

"मी नाही करत. आधी तू ऊठ."

मग मल्हाररावांनी डावा हात दिला, सटवाजी उठिले, आणि मल्हाररावांनी तो हात न सोडिता तसाच वर केला, त्यामुळे दोघांचेही हात वर गेले. पंचांस काय पुकारावे ते कळेना. लोकांस त्याची फिकीर नव्हती.

कनातीआड भागूबाई आल्या. सटवाजी पालथे पडले होते. भागूबाईंनी कमरेस हात लाविला, दाबिले, दुखते ते ठिकाण त्यांस अचूक सापडले, आणि मग बोलिल्या, "उडी तुम्ही मारलीत."

"हळू बोल."

"त्यांच्या हातात काही नव्हतं. मी नीट बघत होते. वर जाताना तुम्ही, खाली येताना पण तुम्हीच." "पहिल्यापासून असंच होतं का?"

"तेव्हा त्यांच्यात जोर होता. पण उचलून घ्यायला पण अंग लागतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही मला?"

सटवाजी म्हणाले, "तू विचारलंस कधी?" तेल नव्हते, तरी भागूबाई तळहात उबदार होईतो एकमेकांवर घासून पाठ चोळीत राहिल्या, आणि पुष्कळ वेळाने सटवाजींस त्या हसत आहेत ऐसे कळिले, कारण हात हलत होता.

येणेप्रमाणे मेळा सुफळ जाहला. ताईसाहेबांनी चौथरा उतरविला, मल्ल आपापल्या गावी गेले, मल्हाररावांचा डावा खांदा आठ दिवस सुजला आणि उतरला. पंचांनी तीन मोजिले होते म्हणून निकालाच्या फलकावर जय मल्हाररावांचे नावे लिहिला, तो तैसाच राहिला. सटवाजी कमरेस पट्टा बांधून घरी पोचले, तो शेजारीण दारात उभी, तिने भागूबाईंस विचारिले, "काय झालं गं? जिंकले का?" भागूबाई पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "हरले की. पण काय देखणे हरले, बाई!" जे ऐकिले ते लिहिले, चुकले असेल ते लेखणीचे, साधले असेल ते मल्लांचे.