एका वाकड्या कोटाची दुरुस्ती

सुईदोरा माझ्या हातात असला, की जगातलं कुठलंही कापड मुकाट्याने माझं ऐकतं! ही बढाई नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा. तीसेक वर्षं शिलाईचं दुकान चालवतोय, आणि माझी शिवण पट्टी लावून तपासलीत तरी सूतभर इकडची तिकडे सापडायची नाही. एकदा तर आमच्या सुताराने फळीवर रेघ मारायला माझ्या पँटची शिवण वापरली होती. सुतार हे नाकबूल करतो, पण तो मुळातच कुणाचे उपकार मानणारा नाही. सगळं गाव मला 'मास्तर' म्हणतं. बायकोही म्हणते, फक्त तिच्या म्हणण्यात आदर जरा पातळ असतो.

तर माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, मोठ्या शहरात एका नावाजलेल्या फॅशन डिझायनर बाईंच्या हाताखाली नोकरीला लागली. तिने फोन केला, "मामा, आमचा मोठा शो आहे. मामीला घेऊन याच!" मी लगेच होकार दिला. शहरात काय नवीन निघालंय ते बघू, जमलं तर एखादी फॅशन उचलून आणू, आणि त्या लोकांचं कुठे काही अडलं, तर जाता जाता दोन गोष्टी शिकवूनही येऊ, असा माझा साधा सरळ बेत होता.

शहरात पाऊल ठेवलं आणि माझं तोंड जे उघडं राहिलं, ते बायकोने दोनदा हनुवटीला हात लावून बंद केलं. अहो, काय ते शहर! एक अख्खं दुकान नुसत्या लिपस्टिकचं! त्यातही एका भिंतीवर फक्त लाल. मी जन्मभर "लाल दोरा द्या" एवढंच म्हणत आलो, आणि इथे लालाच्याच एवढ्या जाती, की एकीला पसंत करावं तर दुसरीचा अपमान व्हावा. पुढे एका ठिकाणी काचेपलीकडे दोन सूटवाले साहेब तोंडाला चिखल फासून शांत पडले होते.

"पैसे देऊन?" बायकोने विचारलं.

"आधी नंबर लावून," भाची म्हणाली, "मग पैसे देऊन!"

बायकोने त्या साहेबांना मनोभावे नमस्कार केला. अत्तराच्या दुकानातल्या मुलीने तिला वास घ्यायला कागदाची एक पट्टी दिली, ती तिने पर्समध्ये अशी जपून ठेवली, जसा काही दागिनाच. मी मात्र कपड्यांच्या दुकानांपुढे अडलो होतो. काचेला नाक लावून मी एका कोटाची काजं बघत होतो. एकसारखी, तांदळाच्या दाण्यासारखी! डोळ्यांत पाणी आलं हो. आतल्या रखवालदाराला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. त्याने खुर्ची आणून दिली. खुर्चीत बसून मी आणखी चार कोट बघून घेतले.

खरी गोष्ट घडली दुसऱ्या दिवशी, शोच्याच दिवशी दुपारी.

भाचीची खोली म्हणजे एक पलंग, एक खिडकी आणि उरलेल्या जागेत आम्ही. ती पिशवीत घातलेला एक लांब कोट दोन्ही हातांवर आडवा धरून आली, झोपलेलं मूल आणावं तशी. "मामा, शोमधला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात मोठा कोट आहे हा. मॅडमनी माझ्यावर सोपवलाय. इथून थेट हॉलवर न्यायचाय." तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती खिडकीशी जाऊन रडवेल्या आवाजात बोलायला लागली, "अजून अर्धवटच? अरे, आता काय करू मी? मॅडम मला आजच घरी बसवतील!" फोन ठेवून, "मी आलेच, संध्याकाळच्या आत येते," म्हणत ती पळाली.

मी पिशवीची चेन उघडली. कोट बाहेर काढला आणि मटकन पलंगावर बसलो.

कापड असं, की हाताखालून पाणी वाहावं! निळं म्हणावं तर काळं, काळं म्हणावं तर हिरवट. असलं कापड मी उभ्या जन्मात हाताळलं नव्हतं. आणि त्यावरची शिलाई? अरे देवा! डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. खांद्यावरची शिवण दारू पिऊन घरी निघाल्यासारखी. खालची कड कुठे दुमडलेली, कुठे मोकळी, आणि जागोजागी दोरे लोंबताहेत!

"अर्धवट आहे," मी बायकोला म्हणालो. "ऐकलंस ना फोनवर? पोरीच्या हातून बिघडलाय. लाजेपायी आपल्याला बोलली नाही. आज नोकरी जाणार तिची!"

"तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"मामा आहे मी तिचा! विचारायची वाट बघू?"

"पोरीला फोन तरी करा."

"तिला लाजवू? त्यापेक्षा ती यायच्या आत झालेलं दिसेल!"

माझ्या खिशात सुई, दोरा आणि बोटात घालायचं अंगुस्तान नेहमीच असतं. लोक रुमाल ठेवतात, मी हे ठेवतो. बसलो! खांदे उसवले, सरळ केले. कड एकसारखी दुमडून बारीक तुरपाई घातली. लांब बाही आत दुमडून उजवीला जुळवली. सुबुद्धी सुचली म्हणून कापडाला कात्री लावली नाही. लोंबणारे दोरे मात्र एकूण एक छाटून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग कोट खिडकीच्या दांडीला अडकवला आणि लांबून बघितला. सरळ! सरळ म्हणजे किती सरळ! आमच्या मुलाच्या लग्नातही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

भाची आली. हातात बुटांचा खोका. "मिळाले एकदाचे शोचे बूट! अर्धवट होते, मोच्यापाशी बसून पूर्ण करून घेतले..." आणि तिची नजर खिडकीकडे गेली.

मी हसत उभा होतो. म्हटलं, आता पोर गळ्यात पडते.

पोर खाली बसली. "मामा, कोटाला काय झालं?"

"बरा झाला!" मी म्हणालो.

"मामा!" ती ओरडली. "तो वाकडाच होता! तोच तर मोठेपणा होता त्याचा! मॅडमनी स्वतःच्या हातांनी, कित्येक महिने खपून तो वाकडा केला होता! तो लोंबणारा एकेक दोरा त्यांनी आरशात बघून ठरवला होता. कुठे आहेत दोरे?"

मी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. दुपारच्या चहाचा चोथा त्यावर मी स्वतःच ओतला होता.

तिने रडत रडत फोनवरचा जुन्या कोटाचा फोटो उघडला. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. भीती वाटलीच, पोरीची नोकरी मी माझ्या हातांनी शिवून बंद केली होती. पण फोटोत कोट एका उंच मुलीच्या अंगावर होता, आणि मी फोन डोळ्यांजवळ नेला. ती लांब बाही तिच्या बोटांवरून अशी उतरली होती, ती कड अशी वरखाली झुलत होती, की जणू कोट आत्ताच कुठूनतरी धावत आलाय. मी कपडे उभे शिवतो. त्या बाईंनी पळता कोट शिवला होता! तीस वर्षांत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"रडू नकोस," मी म्हणालो. "सरळ करणारा मीच, वाकडा करणाराही मीच. सोपं आहे!"

सोपं? भराभर उसवलं आणि वाकडा टाका घातला. सरळ आला! दुसरा घातला. पहिल्याच्या रांगेत जाऊन बसला! डोळे मिटून घातले, तरी ओळंब्यात. डाव्या हाताने घातले, तर आणखी सुबक. हात ऐकायलाच तयार नाही! मग भाचीने सुई घेतली. तिचे वाकडे आले, पण कुणीतरी मुद्दाम वाकडे घातलेत हे आंधळ्यालाही कळलं असतं. घड्याळ पुढे चाललं होतं. पोरीच्या नाकातून पाणी आणि माझ्या कपाळावरून घाम.

बायको इतका वेळ पलंगावर बसून अत्तराची पट्टी हुंगत होती. "सरका," ती म्हणाली.

आता तिच्या शिवणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लग्न झाल्यावर मी हौसेने तिला शिकवायला घेतलं होतं. तिने शिवलेला पहिला शर्ट मी घातला, तेव्हा समोरून येणारे लोक मान तिरकी करून माझ्याशी बोलायला लागले. त्यानंतर दुकानात तिला साधं बटणही लावायला दिलं नाही.

तिने फोटो बघितला. एकदाच! "हं," म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच आहे." आणि चष्मा न लावताच सुरू झाली. गप्पा मारत, मध्येच खिडकीबाहेर बघत, "अगं, समोरच्या बाईने केस निळे केलेत, किती छान दिसतात!" असं म्हणत तिची सुई चालली होती. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. दोरा संपला तिथे तिने तो तसाच सोडून दिला, दुसरा भलत्याच ठिकाणाहून सुरू केला. आणि बघता बघता कोट पुन्हा धावायला लागला! भाची फोटो आणि कोट आलटून पालटून बघत होती. मी सुईत दोरा ओवून देत होतो. त्याहून मोठं काम माझ्यावर कुणी सोपवत नव्हतं.

हॉलमागच्या खोलीत आम्ही पोचलो, तेव्हा मॅडम उभ्याच होत्या. साठीच्या, बारीक केस कापलेल्या, अंगात साधा पांढरा शर्ट. पण काय रुबाब! बाकीचे सगळे त्यांच्या भुवईकडे बघून श्वास घेत होते. कोट टेबलावर पसरला गेला. त्यांनी डोळे मिटले आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. भाचीने माझा दंड इतक्या जोरात धरला, की तिथे आजही वळ असेल.

"आहाहा," मॅडम म्हणाल्या. "आपला हात आपल्याला कळतो बघ. अंधारातसुद्धा मी माझा टाका ओळखेन."

बायको घसा साफ करायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला.

बोट कडेवरून गेलं, बाहीवरून गेलं, काखेत शिरलं आणि थांबलं. मॅडमनी डोळे उघडले. "हे काय आहे?"

काख! अहो, कुठलाही कपडा हातात आला, की मी काखेत दुहेरी उलटा टाका घालतोच. मला आठवतही नाही, हातच घालून मोकळा होतो. आणि तो उसवायचा राहिला होता!

"हा माझा टाका नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणाला शिवायला दिलास कोट? कुणी शिकाऊ बसवला होतास यावर?" भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

शिकाऊ! मला! ज्याच्या शिवणीवर सुतार रेघा मारतात त्याला! अगदी ओठांवर आलं होतं, की बाई, त्या टाक्यात बैल बांधला तरी तुटणार नाही. पण पोरीचा चेहरा बघितला आणि मी पुढे झालो.

"मॅडम, तिचा काही दोष नाही. ती घरात नव्हती. तिला न विचारता मी सुई लावली." अंगुस्तानाचं बोट वर केलं. "शिकाऊ मीच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पांढरे केस बघितले, बोटातलं अंगुस्तान बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो काका," त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला सगळ्यांचं असंच सरळ येतं. हात मोकळा व्हायला वर्षं जातात." मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "उसवून टाक तेवढं. आणि कोट सांभाळून आणलास हं, पुढच्या वेळीही तुझ्याकडेच देईन."

बायकोला हसू आवरेना, ती तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

पण शो! काय सांगू तुम्हाला! दिवे मालवले, आणि शेवटी तो कोट एकटा आला. मुलगी चालत होती, पण मला ती दिसलीच नाही. कड हेलकावत होती, दोरे हवेत तरंगत होते, आणि शेकडो माणसं एकाच वेळी श्वास रोखून बसली होती. मी टाळ्या वाजवायच्या विसरलो. मग अशा वाजवल्या, की शेजारच्या साहेबांनी आपली खुर्ची सरकवून घेतली. बायको माझ्या कानाशी लागली, "त्या उजव्या खांद्याला मला जरा घाई झाली, नाही?" मी म्हणालो, "गप्प बैस, तोच सगळ्यात सुंदर आहे." लग्नानंतर तिच्या शिवणाला मी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

आता गावी परत आलोय. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की दुकानाचं दार ओढून घेतो, एखादी चिंधी मांडीवर घेतो आणि वाकडा टाका घालायचा प्रयत्न करतो. अजून एकही जमलेला नाही. बायको चहा घेऊन येते, चिंधी उजेडात धरून बघते आणि मायेने परत देते.

"होईल हळूहळू, मास्तर," ती म्हणते. "उपजत नसलं, की वेळ लागतोच!"