फेल्डहासचं चाक

एखादी गोष्ट सिद्ध करायची ठरवली की पुरावा आपणहून जमिनीतून वर येतो, असं लोकेशचं ठाम मत होतं. आणि एप्रिलमध्ये तो खरंच वर आला! नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात, घरामागे मेथीसाठी वाफा खणताना कुदळ खणकन वाजली आणि भलंमोठं लोखंडी चाक निघालं.

"सापडली!" लोकेश ओरडला. "फेल्डहासच्या इंजिनाचं चाक सापडलं!"

फेल्डहास म्हणजे डच भाषेत रानससा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गावात या नावाचा मोटारींचा कारखाना निघाला, चौदा महिने धापा टाकत चालला आणि अकरा गाड्या करून आडवा झाला. एकही गाडी उरली नाही. गावच्या इतिहास मंडळाचा हा जिव्हाळ्याचा विषय. आणि त्या मंडळाचं सभासदत्व हा लोकेशच्या जिव्हाळ्याचा. त्याचा अर्ज दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा एकच शेरा घेऊन: "गावाच्या इतिहासात आपलं योगदान काय?"

आता योगदान बागेत पडलं होतं.

त्याच्या बायकोने, समताने, ते वजनकाट्यावर ठेवलं. "एकतीस किलो. एवढ्याशा इंजिनाला इतकं जड चाक?"

"म्हणूनच तर कंपनी बुडाली!"

"आणि हे वाकडे आरे?"

"इंजिनाला वारा घालायला."

"त्यांना भोकं कशाला?"

"वारा जायला!"

नागपूरजवळच्या खेड्यातून तीन महिन्यांसाठी आलेली त्याची आई, गयाबाई, दारातून बघत होती. "अरे बापा, हे तं..."

"आई, हा युरोपचा इतिहास आहे. तू चहा घे."

मंडळाचे अध्यक्ष योप धावत आले. ते निवृत्त दंतवैद्य. त्यांनी छोट्या आरशाने चाकाची एकेक फट तपासली आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वार्ताहर आला. तिसऱ्या दिवशी बेकरीत सशाच्या आकाराचे पाव आले. चौथ्या दिवशी उरलेली गाडी शोधायला मंडळाचे सहाजण फावडी घेऊन आले. गाडी मिळाली नाही. बाग मात्र गेली.

"लोकेश, ऐक तं खरं..."

"आई, शनिवारनंतर!"

शनिवारी सभागृहात त्रेसष्ट माणसं जमली. मखमलीवर चाक. लोकेश रंगात आला. "हे आहे फेल्डहासचं हृदय!"

"हृदय काहून? कडबाकुट्टी होय ते!" गयाबाई पहिल्या रांगेतून उठली, थेट मंचावर गेली आणि सभेला हात जोडून "जय भीम" म्हणाली. सभेने टाळ्या वाजवल्या. मग तिने उजव्या हाताने चाक फिरवल्याचं आणि डाव्या हाताने चारा सरकवल्याचं करून दाखवलं. "या भोकांत पातं बसते. जनावराचा चारा कापाले!"

"काय म्हणतात त्या?" योपने विचारलं.

लोकेशला घाम फुटला. "म्हणते की... गाडी फार वेगवान होती."

त्याचा चेहरा पाहूनच गयाबाईने ओळखलं. "खोटं बोलून राह्यला हा!" तिने डावा हात उंच धरला. तर्जनी अर्धीच होती. "हे पाहा!"

मग तिसऱ्या रांगेतले एक्याण्णव वर्षांचे शेतकरी आजोबा काठी टेकत उठले आणि त्यांनीही डावा हात वर केला. तर्जनी अर्धी! आजोबांनी हवेत चाक फिरवलं. गयाबाईने हवेत चारा लावला. दोघं हसली, जणू एकाच वर्गात नापास झालेली.

एकमेकांशी कधी न बोललेल्या दोन निरीक्षकांचं निरीक्षण जुळलं की शास्त्र त्याला पुरावा म्हणतं. तरीही योपने आरसा काढून दोन्ही बोटं तपासली. मग त्यांनी चाकाखालची मखमल हळूच काढून घेतली.

सभासदत्वाचा निर्णय तिथेच, एकमताने झाला. गयाबाई मानद सभासद! कॉफीबरोबर प्रत्येकाला एकच बिस्किट देऊन डबा बंद करायची मंडळाची रीत. तिच्यासाठी तो दुसऱ्यांदा उघडला.

पुढच्या महिन्यात शेतीच्या अवजारांवर तिचं व्याख्यान ठरलं. भाषांतरासाठी लोकेशने उत्साहाने हात वर केला.

योपने समताला विचारलं.

लोकेशकडे खुर्च्या लावायचं काम आलं. त्याला सभासद असावं लागत नाही.