पऱ्हाटीआडची गाडी

संक्रांत करून झुलाल आबा साक्रीहून, बहिणीकडून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी घेऊन ओट्यावर टेकले. बशी तोंडाला लावून त्यांनी सवयीने समोर बघितलं, तर एस.टी.चा थांबाच जागेवर नव्हता.

थांबा म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. भडगावच्या रस्त्यावरचा एक कडुलिंब, त्याखाली चहाची टपरी आणि बसायला सिमेंटचा एक मोडका पाइप. पण आबांचा ओटा आणि तो कडुलिंब यांच्यामध्ये भाईदासचं अंगण आणि त्याची कमरेएवढी भिंत एवढंच काय ते होतं. आज त्या अंगणात पऱ्हाटी उभी होती. कपाशी वेचून झाल्यावर शेतातून उपटून आणतात त्या वाळक्या काड्या, घराचं वर्षाचं जळण. भाईदासने ती अशी रचली होती की दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर चढले तरी पलीकडचं दिसू नये. मातकट रंगाचं ते धूड, त्यातून इकडेतिकडे लोंबणारा कापूस, आणि भिंतीबाहेर रस्त्यात घुसलेली काटेरी टोकं. आबांच्या घशात चहा अडकला.

यात अडकण्यासारखं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण शेती भिकनच्या, म्हणजे मुलाच्या, हाती दिल्यापासून आबांकडे गावातलं एकच खातं उरलं होतं. गल्लीतलं कोणीही पिशवी घेऊन घराबाहेर पडलं की आधी ओट्यासमोर थांबून धुळ्याच्या नाहीतर पाचोऱ्याच्या गाडीची चौकशी करी. ‘‘आबा, धुयानी गाडी गई का?’’ आबा मान किंचित उंच करत, डोळे बारीक करत आणि सांगत, ‘‘आजून येवानी शे. घाई नको करू.’’ भिंतीवरून वाकलं तर कोणालाही थांबा दिसला असता. पण आबा असताना वाकायची पद्धत नव्हती. कोणाचा जावई उतरला, कोण फटफटीवरून आला आणि कोण रुसून माहेरी निघाली, हे सगळं आधी आबांना कळे आणि मग गावाला. या मानाशिवाय माणसाने सत्तरीत करायचं तरी काय?

तेवढ्यात लोटन आला. गल्लीच्या टोकाला राहणारा, कायम उशिरा निघणारा.

‘‘आबा, गाडी गई का?’’

आबांनी कान टवकारले. काही ऐकू येईना. ‘‘येवानी शे,’’ ते ठामपणे म्हणाले. लोटन निवांत पान लावत बसला, मग रमतगमत गेला आणि थोड्याच वेळात पाय आपटत परत आला.

‘‘आबा, गाडी ते कव्हयनी गई! माले आते धुयाले कोन लई जाई?’’

आबांनी पऱ्हाटीकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर आपल्याला दिसत नाही हे गावभर झालं असतं. ‘‘आज डायवर नवा व्हता,’’ ते म्हणाले. लोटनचं समाधान झालं नाही.

दुपारी त्यांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढून बघितलं. गुडघे कुरकुरले, पण थांबा दिसला. मात्र त्याच्याआधी भाईदासच्या घरामागची न्हाणीही दिसली, आणि आतून भाईदासच्या बायकोचा, तानुबाईंचा, ‘‘कोन शे रे वर?’’ असा आवाज आला. आबा चढले त्याच्या दुप्पट वेगाने उतरले.

संध्याकाळी ते भाईदासकडे गेले. आता, माणसाने स्वतःच्या अंगणात स्वतःचं जळण ठेवलं यावर तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने? आबांनी आडून सुरुवात केली.

‘‘भाईदास, अवंदा पऱ्हाटी पुढे काबर रची? दरसाल ते मांगे, गोठाजोडे ऱ्हास.’’

‘‘आसंच, आबा,’’ भाईदास म्हणाला आणि उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवू लागला.

‘‘इच्चू-काटा निंघी त्यामाईन.’’

‘‘निंघू द्या. आम्हना घरमा चपला शेतस.’’

दारात उभ्या तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसल्या की शिंकल्या ते आबांना कळलं नाही. पऱ्हाटी पुढे का आली, हा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात पक्का बसला. भाईदास हा कारणाशिवाय खाट इकडची तिकडे न करणारा माणूस.

‘‘तुम्हले पऱ्हाटी लागस का, आबा?’’ भाईदास म्हणाला. ‘‘लागी तितली लई जा ना. तुम्हनीच शे!’’

आबा घरी आले आणि ओट्यावर बसून विचार करू लागले. लागेल तितकी. पण इतकी पऱ्हाटी लागते कशाला? चुलीला तर रोज दोन मुठी पुरतात. मग त्यांच्या नाकाला शेजारच्या घरातला वास आला, आणि खानदेशातल्या कुठल्याही माणसाला हिवाळ्यात जे सुचतं तेच त्यांना सुचलं. भरीत! वांगी भाजायची तर पऱ्हाटीच्या जाळावर, आणि जाळ हवा रणरणता. भिकनच्या मळ्यात हिरव्या वांग्यांचा बहर होता.

दुसऱ्या दिवशी आबांच्या अंगणात गल्लीची पुरुषमंडळी जमली. भाईदासच्या ढिगातून पऱ्हाटीचे भारे आले, जाळ भडकला, वांगी फटाफट फुटू लागली.

‘‘आबा, बस झाया. वांगा भाजाई गयात,’’ लोटन म्हणाला.

‘‘टाक आजून एक भारा.’’

‘‘कोयसा व्हई जाई!’’

‘‘व्हऊ दे. चव येस.’’

सोललेली वांगी लाकडी बडगीत घालून कुटली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे, वरून तेलाची फोडणी. मंडळींनी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्लं. सगळे गेल्यावर आबांनी ओट्यावर बसून समोर बघितलं. ढीग जेमतेम वीतभर खचला होता. एवढ्या कोळशाच्या मानाने हे फारच कमी होतं.

म्हणून पुढचं भरीत भजनी मंडळाला झालं. मग शाळेच्या मास्तरांना, मग कापूस वेचायला येणाऱ्या बाया आणि त्यांच्या नवऱ्यांना. निमित्त संपलं तेव्हा आबांनी गाय व्यायल्याचं भरीत घातलं, आणि गाय अजून व्यायची होती. भिकन सकाळी मळ्यात जाऊन तसाच परत आला.

‘‘आबा, बजारले मी काय लई जाऊ? देठ?’’

आत आबांच्या पत्नी सुंदरबाई भाकरी थापत होत्या. थापतच होत्या. ‘‘आज कोन्ही वरात शे?’’ एवढंच त्या विचारत, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा गोळा घेत. त्यांच्या दंडात गोळे आले होते.

आबांना मात्र फळ दिसू लागलं होतं. आधी एके दिवशी पऱ्हाटीच्या वर गाडीच्या टपावरची एक ट्रंक सरकत गेली. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी हातातली बशी खाली ठेवून त्या ट्रंकेला हात केला. आणखी दोन भरितांनी खिडक्या आल्या, खिडक्यांत डोकी आली. आता एक शेवटचं भरीत, की गाडीचं दार दिसणार, आणि उतरणारी माणसं पायापासून ओळखता येणार होती.

पण एक गोष्ट टोचली. लोटन पिशवी घेऊन आला, ओट्यासमोर थांबला, आणि आबांनी मान उंच करायच्या आतच खचलेल्या ढिगावरून स्वतःच वाकून म्हणाला, ‘‘आबा, गाडी उभी शे, चालनू मी.’’ आबांना न विचारता! आबांची उत्तरं चुकू लागल्यापासून गल्लीला स्वतःच वाकून बघायची सवय लागली होती.

दरम्यान गावाला वेगळाच प्रश्न पडला होता. झुलाल आबा गावजेवणं का घालताहेत? नवस म्हणावा तर नैवेद्य नाही, लग्न म्हणावं तर घरात लग्नाचं पोर नाही. चावडीवर बरीच चर्चा होऊन शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की ग्रामपंचायतीची निवडणूक येते आहे आणि आबा उभे राहणार. ही बातमी सरपंच मोतीलाल नानांच्या कानावर गेली, तशी त्यांची झोप उडाली. ते भरिताला आले, तीनदा वाढून घेतलं आणि हात धुताधुता म्हणाले, ‘‘आबा, भरीत झकास शे. पन गावना सरपंच मी शे. मना बी काही हात लागाले पाह्यजे ना?’’

‘‘लावा ना,’’ आबा म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष खिडक्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी आबा दुपारची झोप काढून ओट्यावर आले. आज शेवटचं भरीत. समोर बघितलं, तर भाईदासच्या अंगणात नानांच्या दोन बैलगाड्या उभ्या, आणि गडी पऱ्हाटी उतरवत होते. आबांची पऱ्हाटी कुठे असते हे तर गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. ढीग जुन्या उंचीच्या वर गेला, कौलांच्या वर गेला आणि कडुलिंबाचा शेंडासुद्धा त्याने गिळला. ‘‘नानानी सांगेल शे,’’ एक गडी आनंदाने ओरडला, ‘‘आबास्ले कमी पडाले नको!’’

आबा डोकं धरून बसले. सुंदरबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

‘‘आयकतस का? आज कितला लोक शेतस?’’

‘‘कोन्ही नही,’’ आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क फुटला. ‘‘भिकननी माय, माले गाडी दखास नही व!’’

‘‘कोनती गाडी?’’

‘‘धुयानी, पाचोरानी... बठ्ठ्या. पऱ्हाटी आडी उनी. मी सांगं, जाळीसन संपाडसू.’’

सुंदरबाईंनी पिठाचा हात कपाळाला लावला. ‘‘त्यानाकरता बठ्ठं गाव जेवाडं?’’

‘‘मंग काय करू?’’

सुंदरबाई ओट्यावर खाली बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नवऱ्याशेजारी ओट्यावर, तेही दिवसाउजेडी. ‘‘ती पऱ्हाटी मीच पुढे रचाले सांगेल व्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही साक्रीले गयात, तव्हय तानुबाईले सांगं.’’

‘‘तू? काबर?’’

‘‘काबर! गाडी उनी का तुम्ही आठून आरोळी मारतस, या, चहा पी जा! कोन्हा साडू, कोन्हा व्याहीना भाऊ, कोन्ही वळख ना पाळख. दिनभर मना चुल्हावर आधन. मी सांगं, दखाई नही ते बलावनार नहीत.’’ त्यांनी आपल्या पिठाळ हातांकडे बघितलं. ‘‘माले काय माहित, चहा बंद व्हई आनि भरीत चालू व्हई!’’

आबांना राग यायला हवा होता. पण सुंदरबाईंच्या दंडांकडे बघून तो आला नाही. इतके दिवस छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच चुलीपाशी होतं, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं. मग त्यांना बायकोची खरोखर कीव आली, आणि तसं ते म्हणालेही, ‘‘दमी गई ना तू.’’

‘‘दमी गऊ,’’ सुंदरबाई म्हणाल्या. ‘‘एक सांगू? गाडीच पाह्यनी शे ते थांबावर जाई बठा ना. तठे टपरी शे. ज्याले पाजना शे त्याले तठेच चहा पाजा.’’

‘‘थांबावर? मी काय प्रवासी शे?’’

पण दुसऱ्या दिवशी ते गेले. काठी टेकत, मोठ्या अपमानाने, मोडक्या पाइपवर जाऊन बसले. तिथे गाडी दिसत होती, दार दिसत होतं, उतरणाऱ्याच्या चपलासुद्धा. पण विचारणारं कोणी नव्हतं. थांब्यावरच्या माणसाला गाडी आली का, हे कोण विचारणार? आबा उन्हं डोक्यावर आल्यावर खट्टू होऊन घराकडे वळले, आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले.

लोटन पिशवी घेऊन उभा होता. त्याच्यामागे आणखी माणसं, दोन बायका गाठोडी घेऊन. नानांच्या पऱ्हाटीने सबंध गल्लीचे डोळे बंद झाले होते, वाकून काही दिसत नव्हतं, आणि सगळे आबांच्याच वाटेकडे बघत होते.

‘‘आबा उनात! आबा, पाचोरानी गाडी गई का?’’

‘‘आबा, मना जावाई उतरना का हो?’’

आबांनी काठी टेकली. मान किंचित उंच केली, डोळे बारीक केले. ‘‘एकेक जन इचारा,’’ ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना ओट्यापर्यंत पोहोचायला जेवणवेळ टळून गेली.

त्यानंतर आबांच्या अंगणात भरीत झालं नाही. मोतीलाल नानांनी दोनदा आठवण करून दिली, पण आबांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. सुंदरबाईंच्या दंडातले गोळे उतरले. आबा सकाळी थांब्यावर जाऊन येत आणि उरलेला दिवस ओट्यावर बसून बातम्या देत. पऱ्हाटीचा ढीग समोर होता तसा उभा होता.

एके सकाळी भाईदास चुलीसाठी मूठभर पऱ्हाटी काढायला अंगणात आला. त्याने पुढच्या बाजूच्या काड्यांना हात घातला, तोच ओट्यावरून आरोळी आली.

‘‘भाईदास! पुढथून नको काढू! मांगथून काढ, मांगथून!’’

भाईदास बिचकला. ‘‘आबा, पऱ्हाटी मनी शे. पुढथून काढी ते काय व्हई?’’

आबा काठी टेकत भिंतीपर्यंत आले. गल्लीत दोन्हीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

‘‘आरे, मंग बठ्ठासले गाडी दखाई जाई!’’