तात्या, मैना आणि वजनकाटा

दर शनिवारी सकाळी आमच्या भवानीनगरच्या रस्त्यावर खाजगी वजनकाट्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्या रांगेत एक घोडी उभी असते. थट्टा नाही करत. पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली आणि मधे दोर धरून तात्या. नवा ड्रायव्हर असला तर हसतो. जुने हसत नाहीत. एकजण हसला होता, तर तात्यांनी त्याला विचारलं, "तुज्या ट्रॉलीचं रिकामं वजन शेवटचं कवा केलंस रं?" आणि पुढचा अर्धा तास त्याला सोडला नाही.

तात्या म्हणजे साखर कारखान्यात काट्यावर उभी हयात घालवलेला माणूस. रिटायर झाले, पण काटा काही सुटला नाही. माझं त्याच रस्त्याला पेंडीचं दुकान आहे. पोतं मोजून दिलं की हे विचारणार, "बारदान वजा केलं का, मंगलताई?" अहो, गोणपाटाचं वजन ते किती! पण नाही. घरच्या लग्नात आचाऱ्याला पातेल्याचं रिकामं वजन विचारणारा हा इसम. आपण काही बोलायला गेलो की ठरलेलं वाक्य, "काटा सांगंल ते खरं." संपला विषय. त्यांची बायको, आमच्या काकी, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा सुनील चाकणला कंपनीत. वस्तीवर तात्या एकटेच.

तर ही मैना. मूळची वरातीची घोडी. गेल्या साली दिवाळीनंतर लोणी भापकरला एक लग्न होतं, तिथं डीजे दणाणला आणि ही जी उधळली ती नवरदेवासकट उसात. नवरदेव लगेच सापडला, फेटा सापडायला संध्याकाळ झाली. मालक वैतागून म्हणाला, फुकट न्या कुणीतरी हिला. तात्या गेले होते आहेर करायला आणि घरी आले घोडी घेऊन. मी कपाळाला हात लावला.

घोडी कसली, नुसता सापळा! बरगड्या लांबून मोजाव्यात. बरं, जिवाला स्वस्थता म्हणून नाही. रस्त्यानं गाणी लावून ट्रॅक्टर गेला की हिच्या गोठ्यात येरझाऱ्या सुरू. खाल्लेलं सगळं चालण्यातच जिरायचं. सुनीलनं फोनवर बजावलं, "तात्या, गुढीपाडव्यापर्यंत घोडी भरली तर ठेवा. नाहीतर ती मालकाला परत द्यायची आणि तुम्ही मुकाट्यानं चाकणला यायचं." मालकाचाही राग एव्हाना ओसरला होता, लग्नसराईत त्याला घोडी हवीच होती. तात्यांनी शब्द देऊन टाकला.

आता आमच्या भागात जनावर अंगावर कसं आणायचं हे कुणी कुणाला विचारत नाही. उसाचं वाढं, गूळ, मक्याचा भरडा. त्यावर म्हैस भरते, बैल भरतो, चार दिवस राहिलेला पाहुणासुद्धा भरतो. तात्यांनी मैनेला तेच चालू केलं. आठवड्यात घोडी भरली तर नाहीच, नाचायला मात्र लागली. एका सकाळी खुंटी उपटून ती वस्तीला गोल फेऱ्या मारत होती आणि मागं तात्या पाटी घेऊन पळत होते, "मैनाबाई, दोन घास घ्या! अवं, दोनच घास!" घोडीला अहोजाहो. मला मेलीला मात्र कधीकधी अगं मंगल.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरमॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तात्या, ही म्हैस नाही. आधीच पेटलेलं जनावर, त्यात तुम्ही रॉकेल ओतताय. गूळ बंद, मका बंद. वाळलेला लसूणघास आणि गवत कायम तोंडापुढं ठेवा. वर थोडं तेल, अगदी चमच्यानं सुरू करून हळूहळू वाढवा. दिवसातनं चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. आणि जवळ कुणीतरी बसा. एकटं घोडं नीट खात नाही."

झालं! तात्यांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहाटेपासून पाच पाळ्या. गोठ्यात बाज टाकली आणि तिच्यापुढं बसून मोठ्यानं पेपर वाचायला लागले. कुठं धरणातनं पाणी सोडलं, कुणाची निवड झाली, सगळं मैनेला ठाऊक. हळूहळू तिच्या येरझाऱ्या कमी झाल्या. तात्यांचा आवाज सुरू झाला की ती कान टवकारून खायला लागायची. मी कधी जाता-येता विचारलं, "तात्या, तुमी जेवला का?" तर म्हणायचे, "माजं काय! खाल्लं की मगाशी."

आणि शनिवारी काटा. तात्यांशिवाय मैना त्या लोखंडी पाट्यावर पाय ठेवायची नाही, म्हणून दोघं बरोबर चढायचे आणि तात्या एकूण वजनातनं स्वतःचं बहात्तर किलो वजा करायचे. तीन महिने झाले, कागदावर घोडी वाढली अवघी पाच किलो. मी म्हणायची, "अहो, डोळ्याला दिसतंय ना! बरगड्या बुजल्या, पाठ भरली, अंग कसं चकाकतंय." तात्या मान हलवायचे. "डोळ्याचं नगा सांगू. काटा सांगंल ते खरं."

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले आणि उरलेला तेलाचा डबा माझ्यापुढं ठेवला. "ह्यो परत घ्या. उद्या पिकअप ठरवलाय."

"शुद्धीवर आहात का? चांगली भरलेली घोडी परत पाठवताय?"

"पोराला शबूद दिलाय, ताई. कागदावर न्हाय भरली ती." मग खाली बसले. "तिला पुन्यांदा त्या डीजेम्होरं…"

मला असा राग आला म्हणून सांगू! काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांच्या पट्ट्याकडं लक्ष गेलं. खिळ्यानं पाडलेली नवी भोकं, एक नाही, चार. पट्ट्याचं टोक फिरून पार पाठीमागं गेलेलं. सदऱ्यात अजून एक तात्या मावले असते. रोज बघत होते मी या माणसाला, आणि दिसलं नव्हतं.

"तात्या, ते बहात्तर किलो कधीचं?"

"मैनेला पयल्यांदा काट्यावर आणलं न्हाय का, त्या दिशी मोजलेलं."

"चढा काट्यावर."

"ह्यो पेंडीचा काटा हाय."

"चढा म्हणते ना!"

चढले. चोपन्न.

तात्यांनी आकडा बघितला, उतरले, पुन्हा चढले. चोपन्नच. मग अगदी हळू म्हणाले, "काटा बिगडलाय, ताई."

जन्मात त्यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. मी पन्नास किलोचं सीलबंद पोतं काट्यावर टाकलं. काट्यानं बरोबर पन्नास आणि वर बारदानाचं तेवढं दाखवलं. आयुष्यभर दर खेपेला रिकामी ट्रॉली पुन्हा मोजायला लावणारा माणूस, स्वतःला पुन्हा मोजायचंच विसरला होता.

"म्हंजे मैना…?"

"भरली, तात्या! वीस किलोच्या वर भरली. झिजलात ते तुम्ही."

ते हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "तिच्या पाच पाळ्या चुकत न्हाईत बगा. पर सोताला एकट्याला ताट वाडून घ्यायचं म्हणलं, की हातच उचलत न्हाय." मलाही रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते बिचारं पेंड न घेताच गेलं.

मग त्यांनी सुनीलला फोन लावला आणि छाती काढून घोडीचं वजन सांगितलं. फोन ठेवणार, तोच मी हिसकावून घेतला आणि दुसरं वजनही सांगितलं. मग सुनील म्हणाला, "मी निघतो, ताई. चार दिवस राहतो."

तात्या माझ्यावर असे भडकले! "तुमाला कुणी सांगितलं हुतं मधी त्वांड घालाया?" तेलाचा डबा उचलला आणि तरातरा पायऱ्या उतरून गेले. मी गल्ला आवरायला वळले, तर तात्या परत दारात.

"ताई, सुनील चार दिस ऱ्हाणार म्हंजे… जेवायलाबी हितंच आसणार न्हवं?"

"मग काय पोराला उपाशी ठेवणार?"

"तसं न्हवं." डबा या हातातनं त्या हातात केला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन माणसाच्या आमटीला डाळ किती घ्यायची, तेवडं सांगा."