देवरावची तिसरी चूल

बिनधुराच्या चुलीचे नकाशे फुकट वाटायचे, एवढेच देवरावचे काम होते. नकाशे तीन: एका तोंडाची चूल, दोन तोंडांची आणि उचलून अंगणात नेता येणारी. कोणीही घ्यावा, उतरवून शेजारणीला द्यावा, हवा तसा बदल करावा. पण लकडगंज वस्तीत त्याने दोन तोंडांचा नकाशा वर ठेवला आणि ऐंशीच्या ऐंशी बायांनी तोच उचलला. कार्यालयातून लेखी तंबी आली. तिन्ही सारख्या मांडा, एकीचीही शिफारस करू नका. महिनाअखेरीस साहेब येतील; काम पटले तर नोकरी कायम, नाही तर काटोलला बापाच्या संत्र्यांत परत.

देवराव मुळात सरळ माणूस, आणि सरळ माणसाच्या हाती नियम दिला की संपलेच. पुढच्या, सक्करदऱ्याच्या वस्तीत त्याने टेप लावून तिन्ही गठ्ठे समान अंतरावर ठेवले. दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या जागाही तो बदलू लागला.

रांगेत पहिली तुळसाबाई. "भाऊ, यातली चांगली कोणती?"

"तिन्ही."

"मंग माह्यासाठी कोणती?"

"तिन्ही."

"भाजीवालीबी सांगते गा, कोणतं वांगं भाजीचं अन् कोणतं भरताचं. बरं, तुमच्या घरी कोणती हाये?"

"ते सांगता येत नाही, बाई. नियम हाये."

देवरावचे घर मागच्याच गल्लीत होते. तुळसाबाई गेली, पाहून आली. "सोताची बायको धुरात डोळे पुसून राहिली, अन् हा आमाले चूल शिकवून राहिला. आधी घरी मांडा, मंग आमी घेऊ."

रांग मोडली. देवराव हिशेब करत बसला. घरी एक चूल मांडावी तर सगळ्या तीच घेणार. न मांडावी तर कोणी काहीच घेणार नाही. रविवारी त्याने माती कालवली आणि ओळीने तीन चुली घातल्या.

बाया पाहायला आल्या. त्याची बायको शामला एकीवर वरण, दुसरीवर भात आणि तिसरीवर भाकरी करत होती. तिला कोणी नियम दिलेला नव्हता.

"घरी किती माणसं वं? लाकडं जाळता का गोवऱ्या? अंगण हाये?" असे विचारून ती प्रत्येकीला नकाशा देत गेली. पंधरा दिवसांत तिन्ही गठ्ठे संपले.

साहेबांनी रजिस्टर पाहिले. खूश होऊन देवरावच्या घरी चहाला आले आणि कायम नोकरीच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन काढले. तेवढ्यात काटोलच्या बसने नानाजी, देवरावचे वडील, गावातली दोन जाणती माणसे घेऊन आले आणि दारात उभे राहिले. पोराच्या घरात चुली वेगळ्या झाल्या, ही बातमी त्यांना संत्र्याच्या बाजारात लागली होती.

नानाजींनी चुली दोनदा मोजल्या. "नवराबायको वेगळे झाले तरी चुली दोन व्हाव्या. देवराव, तिसरी कोणाची गा?"

साहेबांचे पेन थांबले.

शामलाने पदर सावरला. "ऑफिसची, मामाजी. ऑफिस त लगनापासूनच आमच्या घरात हाये."