खेळतं भांडवल

जगात लोक कर्ज मिळत नाही म्हणून रडतात. पिंपळापुरे साहेब कर्ज कोणी घेत नाही म्हणून रडत होते, आणि हे रडगाणं ऐकायला शिपाई पोचूशिवाय दुसरं कोणी नव्हतं. पोचूचंही अर्धं लक्ष तंबाखूत असायचं.

झालं होतं असं, की चांदा जिल्ह्याच्या जंगलभागात लहानसहान धंद्यांना स्वस्त व्याजाने पैसा पुरवायचा, असं नागपूरच्या एका वित्त मंडळाने ठरवलं. ठरवणारे पंख्याखाली बसले होते. पैसा वाटायला मात्र पिंपळापुऱ्यांना पाठवलं, गडचिरोलीच्याही पलीकडे. कचेरी म्हणजे भाड्याची पडवी आणि तिच्या मागच्या खोलीत घरमालकाची मोहफुलांची पोती. त्या वासाने साहेबांचं डोकं सकाळपासून जड व्हायचं. हिवतापाने अंथरूण धरून झालं होतं, बायकापोरं वर्ध्याला होती. निघताना नागपूरचे मोठे साहेब म्हणाले होते, "पिंपळापुरे, चार-दोन कर्जं मार्गी लावा, लगेच तुम्हाला वर्ध्याला आणतो. रिकाम्या हाताने मात्र येऊ नका." त्याला वर्ष होत आलं आणि हात अजून रिकामेच होते.

तशी माणसं वाईट नव्हती. वांगी आणून द्यायची, तापात काढा पाजायची. पण कर्जाचं नाव निघालं की 'बरं हाय जी' म्हणत उठायची. सरकारचा पैसा घरात आला की त्याच्या मागून सरकार येते, अशी तिथली पक्की समजूत.

"दवंडी देऊ ना," एक दिवस पोचू म्हणाला. "बाजाराच्या दिवशी मीच डफडं वाजवतो."

साहेबांनी मजकूर सांगितला. लहान उद्योगांस खेळत्या भांडवलासाठी मंडळाकडून माफक व्याजाने रक्कम मिळेल. पोचूने तो घोकला, म्हणूनही दाखवला. पण बाजारात पोचेपर्यंत त्यातले जड शब्द वाटेतच गळाले, आणि डफड्यावर थाप पडली तेव्हा एवढंच उरलं होतं, "ऐका हो ऐका, खेळासाठी सरकार पैसे देऊन राह्यलं हो."

आता या जंगलभागात, म्हणजे झाडीपट्टीत, खेळ म्हणजे काय, हे पोराटोरालाही विचारा. खेळ म्हणजे दंडार, रात्रभर चालणारं सोंगांचं नाटक. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडईत ज्या गावाची दंडार उभी राहत नाही त्या गावाला पोरगी द्यायलाही लोक मागेपुढे पाहतात. चार दिवसांवर मंडई, त्यात ही दवंडी. मग काय विचारता.

दुसऱ्या दिवशी पडवीसमोर माणूस मावेना. साहेबांना भडभडून आलं. त्यांनी धुतलेला कोट घातला आणि पहिल्या माणसाला बसवलं. तो लटारूभाऊ, भरदार मिशांचा, आवाज पडवीबाहेर जाणारा.

"धंद्यात माणसं किती?" साहेबांनी विचारलं.

"सोळा हाईत जी. त्यात दोन बाया."

"वा. बायाही काम करतात?"

"तसं मर्दच हाईत. लुगडं नेसवतो."

साहेब जरा थबकले. पण इथल्या लोकांच्या चालीरीतींत पडायचं नाही, असं त्यांना नागपूरला सांगितलेलं होतं. ते पुढे गेले. "कच्चा माल?"

"दोघं कच्चे हाईत," लटारूभाऊ प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मंडईपर्यंत पक्के करतो."

"बरं. आणि तारण काय देणार?"

"ते शेवटी हाय ना जी. शेवटच्या सोंगात देव येते न् सगळ्यायले तारते."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "लटारूभाऊ, तुमचा धंदा नक्की कोणता?"

"मी राजा हावो," लटारूभाऊ म्हणाला.

मग सगळा उलगडा झाला. साहेबांनी पोचूकडे पाहिलं, पोचूने आढ्याकडे पाहिलं. साहेबांनी तारण म्हणजे काय, भांडवल म्हणजे काय, हे घसा सुकेपर्यंत समजावलं. "पैसा फिटेपर्यंत ठेवून घेतात ती वस्तू म्हणजे तारण. आणि खेळतं भांडवल म्हणजे धंद्यात फिरता राहणारा पैसा. नाचणारा नाही, फिरणारा." लोकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग सुपं-टोपल्या विणणारी गुणाबाई पुढे आली. गावात तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

"म्हणजे दवंडी खोटी?"

"खोटी नाही हो, चुकीची."

"आमच्या इथी दोन्ही एकच," गुणाबाई म्हणाली आणि अंगणात फतकल मारून बसली. तिचं पाहून सगळेच बसले. दुपारपर्यंत शेजारच्या गावांच्या दंडारीही ढोलकं घेऊन आल्या. पैसे देणाऱ्याने खेळ बघायला नको का, म्हणून त्यांनी तिथेच तालीम सुरू केली.

एवढ्यात सडकेवरून मोटारवाला निरोप घेऊन आला, की मोठे साहेब उद्या सकाळी येतात. पिंपळापुरे खाली बसले. समोर लुगडं नेसलेला एक मिशावाला पदर सावरत होता. वर्धा त्यांना दिसेनासं झालं.

"पोचू, माझं वाटोळं केलंस रे तू."

"काऊन जी? कर्ज घेणारी माणसं पाह्यजे होती ना? हे पाहा, अंगणभर हाईत." पोचू तंबाखू मळत म्हणाला. "लटारूभाऊ काय बाराही महिने राजा असते? घरी तेलाचा घाना हाय त्याचा. ते लुगडंवालं शिंपी हाय. गुणाबाईच्या टोपल्या पार आरमोरीच्या बाजारात जाते. धंद्यासाठी पैसा घ्या, नफा झाला का दंडारीचे पडदे घ्या. असं सांगा."

उद्या मोठ्या साहेबांसमोर आपापला धंदा मांडून बसा, असं साहेबांनी हात जोडून सांगितलं. लोक हळहळले. हा माणूस वर्षभर पडवीत एकटा कण्हतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. "साहेबाच्या इज्जतीचा सवाल हाय," लटारूभाऊ म्हणाला, "करू. पन मले काय बनाचं हाय?"

"घाणेवाला."

"घाणेवाल्याचं सोंग मी नाई घेत. मी जलमभर राजाच झालो."

"अहो, पण तुम्ही घाणेवालेच आहात ना?"

"म्हणूनच तं. ते घरी हायेच. पुन्ना चारचौघांत काऊन?"

त्याला मनवता मनवता दिवस मावळला. शेवटी साहेबांनी पुष्कळ बोलायला मिळेल असं कबूल केलं, तेव्हा तो बधला. लोकांची भीती जावी म्हणून साहेबांनी आणखी एक केलं. "सावकाश फेडा," ते म्हणाले. "मुदत मी चांगली पाच वर्षांची लिहितो. माझं काय जातंय?"

सकाळी जीप आली. मोठे साहेब उतरले तेव्हा अंगणात जिवंत कारखाना उभा होता. शिंपी कापत होता, गुणाबाई विणत होती, आणि लटारूभाऊ घाणा, बैल आणि फेटा घेऊन मधोमध होता. मोठ्या साहेबांनी विचारलं, "धंदा कसा चाललाय?" त्यावर तो एक पाऊल मागे सरला, हात वर केला आणि म्हणाला, "काय सांगू महाराजा, तेलाविना दिवा विझला, न् भांडवलाविना घाना थिजला." मागून कोणीतरी सवयीने ढोलकं वाजवलं. पिंपळापुऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

पण मोठे साहेब गहिवरले. "याला म्हणतात तळमळ," ते म्हणाले. "नागपूरला उगीच म्हणतात, या लोकांना उद्योगाची गोडी नाही." बसल्या बसल्या कागद झाले. लटारूभाऊने घाणा तारण दिला, गुणाबाईने म्हैस, शिंप्याने सासऱ्याचं यंत्र. अंगठे उठले. मोठ्या साहेबांनी पिंपळापुऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. "शब्द म्हणजे शब्द. वळकटी बांधा. याच जीपने चला, पुढे वर्ध्याला जा."

वळकटी रात्रीच बांधलेली होती. पोचूने ती उचलून जीपमध्ये टाकलीसुद्धा. साहेबांनी मोहाचा वास छातीभर घेतला. आज तो चक्क बरा वाटला.

"साहेब कुठी चालले?" गुणाबाईने विचारलं.

"बदली झाली त्यांची," मोठे साहेब म्हणाले. "दुसरे येतील."

"थांबा जी." गुणाबाईने बांबूची कामटी खाली ठेवली. "तारण म्हणजे काय, या साहेबानंच सांगतलं. पैसा फिटेपर्यंत ठेवून घ्याची वस्तू. आमची म्हैस लिवली, घाना लिवला. तुमचं काय ठेवून राह्यले?"

"आमचं?"

"सडकेचा साहेब आला, सडक देतो म्हणे, बदली झाली. दवाखान्याचा आला, तोही गेला. सडक नाई न् दवाखाना नाई. आमी अंगठे मंडळाले पाहून नाई देल्ले. मंडळ कोनं पाह्यलं? या साहेबाले पाहून देल्ले. तो चालला तं आमचे अंगठे वापस द्या."

अंगणात सगळ्या माना हलल्या. शिंप्याने कागदाकडे हातही नेला. मोठे साहेब आधी दचकले, मग खळखळून हसले. "पिंपळापुरे, बाईंचं म्हणणं अगदी कायद्याला धरून आहे. दोन्हीकडून तारण हवं." त्यांनी कागद झटकन पिशवीत घातले आणि जीपमध्ये बसले. "राहा तुम्ही. कर्जं फिटली की बोलू."

पोचूने वळकटी उतरवली. जीप धुरळा उडवत गेली. पिंपळापुरे पडवीच्या पायरीवर बसले. रडू येत होतं, पण एवढ्या माणसांसमोर तेही जमेना.

लटारूभाऊ शेजारी येऊन बसला. "मनाले लावून नका घेऊ जी. औंदाच्या मंडईत राजा तुमाले देतो. मी परधान होतो."

साहेबांनी सुटत चाललेल्या वळकटीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पोचू, कर्ज किती वर्षांत फिटायचं आहे रे?"

"पाच," वळकटी सोडता सोडता पोचू म्हणाला. "तुमीच तं लिवलं ना जी."