पळवलेला रस्ता

मी सांगतो ते कुणालाच खरं वाटणार नाही. खुद्द ज्याच्यावर बेतलं त्या फोटोवाल्यालाही अजून वाटत नाही. पण पुरावा माझ्या भिंतीवर टांगलाय. तेव्हा भाचीबाई, ओठांवरचं ते हसू जरा गिळा आणि ऐका.

फोटोवाला आमच्या शेजारचाच. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना फोटो करून द्यायचा. उभ्या गाडीचा फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर ती अशी पळवायची, की बघणाऱ्याने आपले केस सावरावेत. "गाडीला हात लावायचा नसतो," तो म्हणायचा, "तिच्यामागचा रस्ता पळवायचा." म्हणजे गाडी तेवढी स्वच्छ ठेवायची, मागची झाडं, भिंती, खांब मोशन ब्लर लावून आडवे फरफटवायचे आणि चाकांना गोल गरगरवायचं. धक्का मारायलाही माणसं मिळत नसत अशी खटारा गाडी वाऱ्याशी बोलू लागे.

कलाकार अव्वल, पण एक खोड. केलेलं काम तो मूळ फोटोवरच सेव्ह करायचा.

"आधी एक प्रत काढून ठेव," त्याची बायको कानीकपाळी ओरडायची.

"मी चुकलो तर लागेल ना प्रत!"

तर त्याच्या सासऱ्यांची एक गाडी ह्यांच्या दारात उभी होती. उभी कसली, रुजली होती. खालून गवत वर आलं होतं. इंजिन बंद, हॉर्न मुका, ब्रेक तर सासऱ्यांनी स्वतःच काढून कुणाला तरी दिलेले. तरी म्हातारा रोज चहा घेऊन आत बसायचा आणि स्टिअरिंग धरून वर्तमानपत्र वाचायचा. बायकोने एक दिवस निकराने सांगितलं, "ती गाडी गेली पाहिजे. दार धड उघडत नाही आपलं." म्हणून गिऱ्हाईक शोधायला फोटो काढायचा ठरला.

सासरे काही उतरेनात.

"बाबा, नुसता फोटो काढतोय. जरा बाहेर या ना."

"रिकामी गाडी पळताना बघितलीस का कुठे? चालक नको? काढ असाच, जावईबापू."

काढला. आत येऊन त्याने मागचा रस्ता ताणला, चाकं फिरवली आणि खोडीप्रमाणे मूळ फोटोवरच सेव्ह केला. मान वर करून पाहतो तर फोटोत गाडीचं नाक खांबाच्या पुढे गेलेलं.

"अगं, हा खांब गाडीच्या पुढे होता की मागे?"

"खांब असतो तिथेच असतो. तुझंच काहीतरी सरकलंय." असं म्हणत बायको दारात गेली, आणि तिथूनच तिचा आवाज आला, "अरे, दार उघडलं बघ पूर्ण!"

दारात गाडी नव्हती. वाळलेल्या तेलाचा डाग होता, पिवळं पडलेलं गवत होतं, आणि पायरीवर सासऱ्यांचा चहाचा कप. त्यातून अजून वाफ येत होती.

बायकोने फोन लावला. पलीकडे नुसता वारा.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"रस्त्यावर! ह्याला ब्रेक कुठेय गं?"

"तुम्हीच काढून दिलेत ना!"

"बरोबर आहे. चांगला माणूस होता तो."

इकडे पडद्यावर गाडी हळूहळू फोटोच्या कडेकडे सरकत होती. बटणावर बोट नव्हतं, माऊसला हात नव्हता. कडेपलीकडे काय असतं, हे फोटोवाल्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो प्रश्न पडला होता. केलेलं मागे घ्यावं म्हणून बटण दाबलं, तर मागे जायला जागाच नाही. मूळ फोटो त्याने स्वतःच पुसला होता.

"माझे बाबा परत आण," बायको म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली.

त्याने मग फोटोच लांब केला. कडेला रिकामी जागा जोडली आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, भर बाबा रस्ता. त्याने भरला. पण सॉफ्टवेअर ते, त्याच्या पदरी नवं काय असणार? जे होतं तेच पुन्हा पुन्हा. तोच खांब, तीच भिंत, भिंतीखाली बसलेला तोच एक कुत्रा.

थोड्या वेळाने सासऱ्यांचाच फोन आला. आवाज मघापेक्षा लांबचा, जरा पसरट.

"जावईबापू, मघापासून एकच कुत्रा भेटतोय."

"घाबरू नका, बाबा."

"मी कुठे घाबरतोय? तो घाबरलाय. आधी शेपूट हलवायचा. आता मला बघून उठून उभा राहतो."

बायकोने फोन कानाशी धरून ठेवला. अजूनही ती पहिल्याच घंटेला फोन उचलते, तू पाहिलं असशील. आणि मग फोटोवाल्याला युक्ती सुचली. ब्लरला अंश असतो, म्हणजे तो कोणत्या बाजूला ताणायचा त्याचा आकडा. त्याने आकडा अर्ध्या वर्तुळाने फिरवला, शून्याचा एकशेऐंशी केला. रस्ता उलटा पळू लागला! गाडी मागे मागे येत कुत्र्याला ओलांडून, खांबाला ओलांडून, थेट दारात. सासरे उतरले, कप उचलला, चहा प्यायले. उजवी बाजू जरा पुसट झाली होती त्यांची, बाकी ठणठणीत. सगळं निस्तरल्यावर त्या फोटोची एक प्रत मी मागून घेतली. तीच ही, तुझ्या डोक्यावर टांगलेली. आता बोल!

भाची हेच काम शिकतेय, एका छापखान्यात. उठली, तसबिरीजवळ गेली आणि तिने काचेला नाक लावलं.

"मामा, धडधडीत खोटं बोलतोयस तू."

"मी? पुरावा समोर असताना?"

"शून्य ठेव नाहीतर एकशेऐंशी ठेव, ब्लर अगदी सारखाच येतो. त्याला पुढे-मागे कळतच नाही. त्याने गाडी परत येणं शक्यच नाही." तिने रस्त्यावरून बोट फिरवलं, खांब, भिंत, उभा असलेला कुत्रा, पुन्हा खांब. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणूनच ह्यात गाडी नाहीये ना?"